फोटोच्या दोन कडा

आमची आत्या हल्ली माणसाकडे सरळ बघत नाही. बोलताना मान जराशी वळवते आणि कोंबडी दाणा बघते तशी एका कडेने बघते. नवीन माणसाला वाटतं, म्हातारी आपल्यावर रागावली की काय. रागावलेली असतेच म्हणा बऱ्याचदा, पण अशा बघण्याचं कारण ते नाही. तिच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब होत चाललाय. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेकडेचं त्यापेक्षा जास्त टिकेल. म्हणजे सरळ बघितलं की समोरच्याच्या तोंडाच्या जागी तिला राखाडी डाग दिसतो, आणि कान मात्र छान दिसतात. "कानातलं नवीन का गं?" हे ती मला दारातच विचारते. मी हसत आलेय की रडवेली होऊन आलेय, हे तिला माझ्या आवाजावरून ओळखावं लागतं.

ती कोपरला राहते, एकटी. मुलांच्या शाळेत आयुष्य घालवलं, त्यामुळे अजूनही समोरचा माणूस चौथीत आहे असं समजूनच बोलते. मी घोडबंदर रोडला, टॉवरमध्ये. रविवारी मी तिच्याकडे जाते, ती पोहे करते आणि मला मीठ कमी पडलंय हे सांगायची बंदी असते. अशाच एका रविवारी पोहे खाऊन झाल्यावर तिने कपाटातून एक चपटा पत्र्याचा डबा काढला. त्यात वर्तमानपत्राच्या घडीत एक फोटो होता.

"तू कॉम्प्युटरवर फोटो बघण्याचंच काम करतेस ना?"

"अगं आत्या, मी कापडाचे फोटो बघते."

"मग ही माणसं कापड नेसूनच उभी आहेत. साफ करून दे."

मी फोटो हातात घेतला. मला तो माहीत होता, लहानपणी एकदोनदा बघितलेला. आत्याच्या चुलत दिराचं लग्न, कल्याणात. मांडवाच्या दारात सगळं गणगोत ओळीने उभं आहे. मधोमध नवरा-नवरी, त्यांच्या मागेपुढे मोठी माणसं, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. डाव्या टोकाला, अगदी कागद संपतो तिथे, खाली मान घातलेली, नथ घातलेली एक पोरगी उभी आहे. ती आत्या. नवरी सोडली तर घरातली सगळ्यात नवी सून म्हणून सगळ्यात शेवटी. आणि उजव्या टोकाला, तिथेही कागद संपतो तिथेच, काळा कोट घातलेला तिचा नवरा. तो पंगतीत जिलबी वाढत होता, हाक आल्यावर ताट ठेवून धावत आला आणि जागा मिळाली तिथे उभा राहिला. नवरा-बायकोने शेजारी उभं राहायचं, तेही मोठ्यांच्या देखत, हे त्या घरात चालत नसे. ते फक्त ज्यांचं लग्न आहे त्यांनी करायचं, तेही त्या एका दिवसापुरतं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत आत्याच्या नवऱ्याला कावीळ झाली आणि तो गेला. आत्याच्या लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम सासरच्या घरात होता, तिथे एका पावसाळ्यात खाडीचं पाणी शिरलं आणि त्याचा लगदा झाला. सासरी भिंतीवर हार घातलेला एक मोठा फोटो होता, पण तो स्टुडिओवाल्याने रंगवून रंगवून असा केला होता की आत्या म्हणायची, "हा कुठल्या तरी सिनेमातला माणूस आहे, मला ह्याच्याशी लग्न केल्याचं आठवत नाही." राहता राहिला हा एक, जावेकडून मागून आणलेला.

आणि तो खरबरीत कागदावर छापलेला. तेव्हा स्टुडिओवाल्यांना त्या कागदाचं फार कौतुक होतं. सगळ्या कागदभर बारीक बारीक उंचवटे, मधमाशीच्या पोळ्यासारखे. बोटांचे ठसे उठत नाहीत म्हणे. पण टोकाच्या माणसाचा चेहरा हरभऱ्याएवढा असेल तर डोळ्यावर एक दाणा, नाकावर एक दाणा, तोंडावर एक दाणा, आणि माणूस गायब.

"हे बघ," आत्या म्हणाली, आणि तिचा शाळेतला आवाज एकदम उतरला. "माझे डोळे पुरते जायच्या आत मला एकदा ह्यांचा चेहरा नीट बघायचाय. मला एक चेहरा आठवतो. पण तो खरा त्यांचा, की इतक्या वर्षांत माझ्या मनाने रचलेला, तेच कळेनासं झालंय. चुकीच्या माणसाची आठवण काढत मरायचं म्हणजे फारच झालं."

 मी फोटो पिशवीत घातला.

मी खरंच कापडाचे फोटो बघते. भिवंडीच्या मागांवर आमच्या कंपनीचे कॅमेरे बसवलेले आहेत. खाली कापड पळत असतं, वर कॅमेरा फोटो काढत असतो, आणि कुठे धागा तुटला, कुठे वीण चुकली, ते आमचं सॉफ्टवेअर ओळखतं. कसं ओळखतं ते सांगते, घाबरू नका, परीक्षा नाही घेणार.

कुठलंही चित्र म्हणजे उजेड-अंधाराच्या पट्ट्यांची बेरीज असते. रुंद पट्टे, बारीक पट्टे, उभे, आडवे, तिरके, काही गडद, काही जेमतेम. योग्य मापात एकावर एक ठेवले की त्यातून झाड तयार होतं, गाय तयार होते, माणसाचं तोंड तयार होतं. कुठल्या पट्ट्याचा वाटा किती, हे शोधायच्या रीतीला फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणतात. ती केली की पहिल्या चित्राच्या जागी दुसरंच एक चित्र येतं. काळ्या आभाळात पांढरे ठिपके. रुंद पट्ट्यांचे ठिपके मध्यभागी, बारीकांचे बाहेरच्या बाजूला. आता त्यात गाय कुठे आहे, असं विचाराल तर कुठेच नाही आणि सगळीकडे आहे. एखादा ठिपका पुसला तर गाईचा कान जात नाही. चित्रभर पसरलेला एक पट्टा जातो, कानातून आणि शेपटीतून एकदमच. मग उलटा हिशेब करायचा, आणि त्या ठिपक्यांतून गाय परत उभी राहते. इतकी वर्षं रोज करतेय, तरी ती उभी राहते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. खोटं नाही सांगत. ऑफिसातली पोरं हसतात मला. हसू देत मेली.

तर आत्याचा फोटो मी चांगल्या मशिनवर स्कॅन केला आणि ठिपके काढले. अपेक्षेप्रमाणे कागदाचे उंचवटे पकडले गेले. ते एकसारखे, ठरावीक अंतराने येणारे, त्यामुळे कागदभर पसरलेला तो सगळा खरबरीतपणा मधल्या उजेडाभोवती गोळा होऊन मोजक्या ठिपक्यांत येऊन बसला होता. षटकोनाच्या कोपऱ्यांवर बसावेत तसे. म्हणजे तेवढे ठिपके पुसले की कागद गुळगुळीत. किती सोपं!

पण षटकोनाचे दोन कोपरे दिसतच नव्हते. कारण मधोमध एक भलंमोठं झगझगीत अधिकचं चिन्ह उमटलं होतं. एक रेघ आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक उभी. ते दोन ठिपके आडव्या रेघेच्या उजेडात बुडालेले.

हे चिन्ह आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. ते चित्रात नसतं. फोटोत अशी कुठलीही रेघ नव्हती. ते येतं कडांमुळे. या गणिताला कड म्हणजे काय ते ठाऊकच नाही. त्याचे पट्टे कुठे संपत नाहीत, त्यामुळे त्याला वाटतं की चित्रही कुठे संपत नाही. उजवीकडे कागद संपला की लगेच त्याला लागून तोच फोटो डावीकडून पुन्हा सुरू होतो, फरशीला फरशी लावावी तसा. वरची कड खालच्या कडेला चिकटलेली. आता खऱ्या फोटोच्या समोरासमोरच्या कडा कशाला जुळतील? वर मांडवाचं पांढरं कापड, खाली काळी जमीन. त्या जोडावर गणिताला धक्का बसतो. एवढा अचानक बदल उभा करायला त्याला बारीक-रुंद सगळ्या मापांचे पट्टे कामाला लावावे लागतात, आणि त्यांची ती लांबच लांब रेघ दिसते. पुस्तकात याला दोष म्हणतात. शिकवतानाही आम्ही हेच सांगतो, की हा खोटा उजेड आहे, याच्याकडे लक्ष देऊ नका.

आमच्याकडे त्यावर ठरलेला उपाय आहे. फोटोच्या कडा हळूहळू अंधारात बुडवायच्या. मध्ये लख्ख, कडेला जाता जाता काळं. सगळ्या कडा काळ्या झाल्या की काळ्याला काळं जुळतं, धक्का नाही, रेघ नाही. कापडाला काय, कडेचा वीतभर भाग गेला तर बिघडत नाही, पुढचा फोटो त्याच्यापुढच्या कापडाचा येतोच आहे. हात इतका बसलाय की मी ते डोळे मिटून करते. आत्याच्या फोटोलाही केलं. अधिकचं चिन्ह विरलं, लपलेले दोन ठिपके वर आले, मी सगळे टिपून पुसून टाकले आणि उलटा हिशेब केला.

काय सांगू! नवरीच्या मुंडावळ्यांची मोत्यांची सरन् सर मोजता येत होती. एका आजोबांच्या कोटाला वरचं बटण नव्हतं, तेही दिसलं. मी मध्ये मोठं करून करून बघत बसले, स्वतःवर जाम खूश, आणि पुढच्या रविवारी टॅब घेऊन कोपरला गेले.

आत्याने टॅब डाव्या बाजूला धरला, मग उजव्या बाजूला धरला. मान वळवून बघितलं, पुन्हा वळवून बघितलं.

"मी कुठे आहे?" ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. डावीकडे काळं.

"आणि हे कुठे आहेत?"

उजवीकडे काळं. तिथे अंधारात कोटाची एक बाही जेमतेम कळत होती.  ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप, त्यालाच मी पुसून ठेवलं होतं. सवयीने! कापड समजून!

"माझ्या चुलत दिराचा फोटो साफ केलास होय?" आत्या म्हणाली. "त्याचा चेहरा मला कशाला हवाय? तो बदलापूरला बसलाय धडधाकट, परवाच फोनवर गुडघ्यांचं पुराण लावलं होतं."

मी हसले, पण ती हसली नाही. टॅब तिने माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "कडेच्यांना काढून टाकायचं हे फार जुनं आहे गं. त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो? हे गेल्यावर मला कुणी फोटोत उभं केलंच नाही. तुझ्या आईबापाच्या लग्नातसुद्धा मी आत पानं पुसत होते."

हे मला माहीत नव्हतं. आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये आत्या का नाही, हे मी आयुष्यात कधी विचारलं नाही. बाबांची सख्खी बहीण. इतका राग आला मला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण ती सगळी माणसं आता भिंतीवर गेलेली. मी म्हटलं, "आत्या, मला अजून एक आठवडा दे."

"घे," ती म्हणाली. "डोळ्यांना विचारून घे मात्र."

मधेच एक सुट्टी आली. सकाळी सकाळी घरातली बाकी जनता झोपलेली असताना मी चहा घेऊन बसले. आता कड ठेवायची होती, आणि धक्का काढायचा होता. तेही करता येतं, फक्त कापडाच्या कामात कुणी एवढी हौस करत नाही. दोन कडांमधला जो फरक आहे, तेवढाच एका मऊ, हळूहळू चढत-उतरत जाणाऱ्या सावलीसारखा वेगळा काढून बाजूला ठेवायचा. उरलेल्या चित्राच्या कडा मग एकमेकींना जुळतात. त्यातले ठिपके पुसायचे, आणि बाजूला ठेवलेली सावली परत घालायची. कुणी बुडत नाही, कुणी जात नाही.

पण आधी धक्का नेमका कुठे, किती आहे ते बघायला हवं. त्याची साधी युक्ती आहे. चित्र अर्धं सरकवायचं. उजवीकडून जे बाहेर पडेल ते डावीकडून आत घ्यायचं. मग ज्या कडा होत्या त्या मध्यभागी येतात, आणि मधलं कडेला जातं. मी बटण दाबलं.

नवरा-नवरीची ताटातूट झाली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि स्क्रीनच्या बरोबर मधोमध, काळा कोट आणि फिकी साडी, एकमेकांना चिकटून, माझी आत्या आणि तिचा नवरा उभे होते.

"आई गं," माझ्या तोंडून निघालं. मोठ्याने निघालं असणार, कारण आतून नवऱ्याने विचारलं, काय झालं.  चहा गार होऊन गेला. मी नुसती बघत बसले.

त्या अधिकच्या चिन्हातली ती आडवी झगझगीत रेघ, म्हणजे हे दोघं होते! मी मान्य करते, गणित म्हणून मला हे ठाऊकच होतं. उजवी कड डावीला लागून धरली जाते हे मी किती पोरांना शिकवलंय. पण ठाऊक असणं वेगळं. जगात कुणीही ज्यांना एकमेकांशेजारी उभं राहू दिलं नाही, त्यांना या गणिताने कुणाला न विचारता जोडीने उभं केलेलं होतं, मी फोटो त्याच्या हातात दिला त्या क्षणापासून. त्याच्या कोटाचा काळा आणि तिच्या साडीचा फिका, या दोन रंगांच्या मधल्या फरकातून तो उजेड निघत होता. आणि मी काय म्हणत होते त्याला? दोष. खोटा उजेड. मी देवभोळी बाई नाही, उपासतापास माझ्याच्याने होत नाहीत, पण त्या सकाळी मी स्क्रीनला हात जोडले. नवरा दारात उभा राहून बघत होता, मग नवीन चहा करून आणला त्याने.

मग मी काम केलं. सावली वेगळी काढली. रेघ मावळली. ठिपके पुसले. सावली परत घातली. आणि काळ्या कोटावर एक चेहरा वर आला.

पोरगा होता. मी त्याला जन्मभर आत्याचे यजमान म्हणत आले, मनात कुणीतरी मोठे, गंभीर गृहस्थ धरून. तो आमच्या ऑफिसात नुकत्याच लागलेल्या पोरांच्या वयाचा होता. मिसरूड म्हणावी इतकीच मिशी. ओठ किंचित उघडे, धावत आल्याने दम लागला असावा. केस विंचरलेले होते, पण एक बट घामाने कपाळाला चिकटलेली. इतकी वर्षं कागदाच्या उंचवट्यांखाली ती बट होती. आणि ती बाहेर आली कशातून, तर मूठभर ठिपके पुसण्यातून! मला ते सगळं समजतं, पायरी न् पायरी लिहून दाखवीन, आणि तरीही मला ते समजत नाही.

आता मूळ फोटो नीट करून दिला असता तरी काम झालं होतं. पण मला स्वस्थ बसवेना. ते दोघं एकत्र दिसल्यावर पुन्हा लांब कशाला करायचं? मी सरकवलेलाच ठेवला. दोघांच्या मधला जोड मऊ केला, बाकीचं गणगोत बाजूने कापून टाकलं, आणि तयार झाला त्यांचा जोडीचा फोटो. जो कधी काढलाच गेला नव्हता. आत्याला मी फोनवर काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ये, आमच्या टीव्हीवर मोठं दिसेल.

तिला आणायला मी गाडी घेऊन गेले. घोडबंदरला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. आत्या मान वळवून वळवून टॉवर बघत होती आणि एवढ्या माणसांना पाणी कुठून येतं म्हणून माझ्यावरच ओरडत होती. माझं लक्ष नव्हतं.  चेहरा तिच्या आठवणीतला निघाला नाही तर? मग मी तिचं काय करून बसेन?

घरी आल्यावर ती पाणी प्यायली, तिने पदराने चष्मा पुसला, तो घालून काही फायदा नसताना घातला, आणि टीव्हीसमोर खुर्ची घेतली. मी फोटो लावला.

तिने आधी सरळ बघितलं. मग डाग आडवा आला असावा, म्हणून मान डावीकडे वळवली आणि उजव्या कडेने बघितलं.  मग तिचा हात तोंडावर गेला.

"हेच," ती म्हणाली. "हेच गं ते. अगदी हेच. मी मनाने काही रचलं नव्हतं."

आणि रडायला लागली. मीही रडले. ती बट त्यांच्या कपाळावर कायम यायची म्हणे, तेल लावलं तरी. मग डोळे पुसून तिने पुन्हा मान वळवली, आता दुसऱ्या बाजूने.

"उंच होते की. मी खांद्याला लागत होते त्यांच्या. मला हे माहीतच नव्हतं. आम्हाला दोघांना एकत्र बघितलंय कुणी? मीसुद्धा नाही." मग शाळा परत आली. "पण एवढं चिकटवलंस कशाला? सासूबाई समोर उभ्या असतील. ह्यांची हिंमत नव्हती एवढी."

मी मोठ्या अभिमानाने तिला सगळं सांगितलं. कडा, जोड, ती रेघ, फोटो कसा सरकवला ते. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. ती उठली, टीव्हीपाशी गेली, आणि कडेने, अगदी जवळून, त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

"हे बघतायत कुणीकडे?" तिने विचारलं.

"कॅमेऱ्याकडे. दुसरीकडे कुठे बघणार?"

"नाही. डोळे बघ."

मी बघितलं. इतके दिवस मी दाणे बघत होते, जोड बघत होते, डोळे दिसतायत याचाच मला एवढा आनंद झाला होता की ते कुठे लागलेत हे मी बघितलंच नव्हतं. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. डावीकडे बघत होता. आत्या फोटोत उजवीकडे, खाली मान घालून, आणि तो तिच्याकडे पाठ करून पार दुसरीकडेच. जोडीचा फोटो म्हणे! मी त्यांना शेजारी आणून ठेवलं होतं, आणि त्यात तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हलले असतील गं," मी म्हटलं. "धावत आले होते ना."

"हलले नाहीत ते." तिचा हात अजून टीव्हीच्या काचेवर होता. "खऱ्या फोटोत मी कुठे होते?"

"डाव्या टोकाला."

तिने काचेवरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "घाल बघू आम्हाला आपापल्या जागी."

मी लॅपटॉपवर पूर्ण फोटो उघडला, साफ केलेला, आणि परत सरकवला. ते दोघं एकमेकांपासून सुटले, तो उजव्या टोकाला गेला, ती डाव्या, आणि सगळं गणगोत त्यांच्यामध्ये येऊन उभं राहिलं. सगळेच्या सगळे ताठ, समोर बघणारे. फक्त तो एकटा त्या ओळीवरून, आजोबांच्या पागोट्यांवरून, नवरा-नवरीवरून, काकवा-माम्यांच्या अंबाड्यांवरून, थेट डाव्या टोकाला बघत होता.

आत्या खुर्चीत येऊन बसली.

"फोटोवाला ओरडला होता," ती म्हणाली. "अहो, ते शेवटचे पाहुणे, इकडे कॅमेऱ्यात बघा की! सगळे खो खो हसले. मी मान वर केली नाही, मला वाटलं मलाच हसतायत, माझी नथ वाकडी झाली असेल. घरी आल्यावर ह्यांना विचारलंसुद्धा, का हो हसत होते सगळे? तर म्हणाले, काही नाही, झोप तू."

 खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

"तो जोडलेला टाकून दे," आत्या म्हणाली. "हा छापून आण, मोठा. आणि मधल्या माणसांना हात लावू नकोस हं. ह्या सगळ्यांच्या देखत बघत होते ते माझ्याकडे."